वाचक विचारतात : रेल्वेचं गाऱ्हाणं घालायचं कुणाच्या दारात?

या वेळच्या पत्रांचा गठ्ठा जवळजवळ सगळा रेल्वेचाच आहे. कोल्हापूर–मिरज मार्गावरचे रोजचे प्रवासी त्यात आहेतच, पण मुलगी-जावई किंवा मुलगा-सून इंग्लंडमध्ये स्विंडनला नोकरीला असलेल्या घरांतूनही पत्रं आली आहेत. एकाच विषयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न (रुकडी) : आमच्या स्टेशनवर एखाद्या एक्स्प्रेसला थांबा मिळावा म्हणून गावानं आमदारांना, पालकमंत्र्यांना आणि स्टेशन मास्तरांनाही निवेदन दिलं. फोटो पेपरात आला, पुढं काही नाही. नेमकं कुणाला द्यायचं?

या तिघांपैकी एकाच्याही हातात ते नाही. रेल्वे हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीतल्या केंद्र सूचीचा विषय आहे, नोंद क्रमांक 22. आमदार, पालकमंत्री, जिल्हा परिषद किंवा महापालिका फार तर शिफारसपत्र देऊ शकतात. स्टेशन मास्तरांचं काम गाड्या सुखरूप घेणं आणि सोडणं. निवेदन ते पुढं पाठवतात आणि तिथंच त्यांचा संबंध संपतो.

तुमचा माणूस खासदार. कोणता, हे मात्र आधी बघा. कोल्हापूर ते मिरज अंतर जेमतेम 47 किलोमीटर, पण त्यात लोकसभेचे तीन मतदारसंघ लागतात. शाहू टर्मिनस, म्हणजे कोल्हापूर स्टेशन, कोल्हापूर मतदारसंघात येतं. रुकडी, हातकणंगले आणि जयसिंगपूर हातकणंगले मतदारसंघात, आणि मिरज सांगलीत. 2024 च्या निवडणुकीत या तीन जागांवर अनुक्रमे शाहू छत्रपती, धैर्यशील माने आणि विशाल पाटील निवडून आले. रुकडीकरांनी कोल्हापूरच्या खासदारांकडे जाऊन उपयोग थोडा. मूळ पत्र हातकणंगल्याच्या खासदारांना द्या आणि प्रत बाकी दोघांना. गाडी तिघांच्याही मतदारसंघांतून जाते, तेव्हा तिघांनी एकच गाडी क्रमांक लावून धरला तर मागणीला वजन येतं. तिघांनी तीन वेगळ्या गाड्या मागितल्या तर रेल्वे तिघांनाही 'तपासून पाहतो' असं उत्तर देऊन मोकळी होते.

रेल्वेच्या बाजूनं हा मार्ग मध्य रेल्वेच्या पुणे मंडलाखाली येतो आणि मुख्यालय मुंबईत आहे. मेल-एक्स्प्रेसचा नवा थांबा शेवटी रेल्वे बोर्डाच्या मंजुरीनं मिळतो, पण मंडलाच्या वाणिज्य आणि परिचालन शाखांचा शेरा विरोधी गेला तर प्रकरण दिल्लीपर्यंत पोचतच नाही. म्हणून पत्राची प्रत पुण्याच्या मंडल रेल्वे व्यवस्थापकांना द्यायचीच, आणि पोच शिक्क्यानिशी घ्यायची.

आता पत्रात काय असावं. 'सर्व एक्स्प्रेस गाड्यांना थांबा द्या' ही मागणी कचऱ्याच्या टोपलीत जाते. एक गाडी निवडा, क्रमांक लिहा, दोन्ही दिशांच्या वेळा लिहा. त्या वेळेला तुमच्या स्टेशनवरून किती लोक चढतील, त्यांपैकी आज किती जण मिरज किंवा कोल्हापूर गाठून गाडी धरतात, हे गावनिहाय मांडा. पासधारकांची यादी असेल तर जोडा. फलाटाची लांबी बघा. एलएचबी म्हणजे नव्या बनावटीचा डबा सुमारे 24 मीटरचा असतो, म्हणजे 20 डबे आणि इंजिन धरून गाडी 500 मीटरला भिडते. फलाट आखूड असेल तर मागचे डबे खडीवर उभे राहतात आणि परिचालन शाखेला नकाराचं आयतं कारण मिळतं. अशा वेळी आधी फलाटवाढ मागावी लागते.

दुसरं नकाराचं कारण वेळेचं. थांबा दोन मिनिटांचा दिसतो, पण वेग कमी करून थांबणं आणि पुन्हा वेग घेणं धरलं की पाचेक मिनिटं जातात. मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत मार्ग एकेरी आहे. एका गाडीला पाच मिनिटं उशीर झाला की समोरून येणारी पुढच्या स्टेशनात क्रॉसिंगसाठी ताटकळते, मग तिच्यामागची.

याच अडचणीतून वाटही निघते, आणि ती फारसं कोणी वापरत नाही. क्रॉसिंगसाठी तुमच्या स्टेशनात कोणती एक्स्प्रेस नेहमीच उभी राहते, याची महिनाभर तारीखवार नोंद करा : गाडी क्रमांक, आली किती वाजता, सुटली किती वाजता, कोणत्या रुळावर उभी होती. गाडी फलाटाच्या रुळावर उभी राहत असेल तर 'जी गाडी थांबतेच आहे तिला अधिकृत थांबा द्या' एवढंच मागायचं. त्यात रेल्वेचं एक मिनिटही जात नाही. फलाट नसलेल्या लूप लाईनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी राहत असेल तर मात्र हा मुद्दा लंगडा पडतो.

थांबा मिळाला तरी तो बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या प्रायोगिक तत्त्वावर असतो. नंतर तिकीट विक्री पाहिली जाते, आणि इथंच गावं हातचं घालवतात. चढतात रुकडीला, पण मोबाईलवर तिकीट काढतात मिरज किंवा कोल्हापूरपासूनचं, सवयीनं. ती विक्री रुकडीच्या खात्यावर येत नाही. आरक्षण करताना 'कुठून' या रकान्यात आपलंच स्टेशन टाका, हे गावातल्या प्रत्येक घराला सांगायला हवं. थांबा पेढे वाटून टिकत नाही.

प्रश्न (शाहूपुरी, व्यापारी) : रेल्वे सल्लागार समितीवर नेमणूक झाली म्हणून सत्कार होतात. या समित्या नेमकं काय करतात?

मंडल पातळीची समिती आणि विभाग (झोन, म्हणजे इथं मध्य रेल्वे) पातळीची समिती अशा दोन असतात. पहिलीचे अध्यक्ष मंडल रेल्वे व्यवस्थापक, दुसरीचे महाव्यवस्थापक. व्यापारी संघटना, प्रवासी संघटना, खासदार-आमदारांनी सुचवलेले लोक सदस्य असतात आणि मुदत दोन वर्षांची. नावातच सल्लागार आहे, म्हणजे ठराव रेल्वेवर बंधनकारक नाही. पण सदस्यानं बैठकीआधी लेखी दिलेल्या मुद्द्याला लेखी उत्तर मिळतं, आणि ते उत्तर पुढच्या पत्रव्यवहाराचा पाया होतं. सदस्य ओळखीचा असेल तर हारतुऱ्यांऐवजी त्याला एक पानी मुद्दा द्या, आणि बैठकीनंतर इतिवृत्ताची प्रत मागा. इतिवृत्त न देणारा सदस्य बैठकीला गेला होता का, असं विचारायलाही हरकत नाही.

प्रश्न (राजारामपुरी) : मुलगी स्विंडनला राहते आणि आठवड्यातून तीन दिवस लंडनला पॅडिंग्टनपर्यंत जाते. गाडी वारंवार उशिरा पोचते. ती भारतीय पासपोर्टवर, व्हिसावर आहे. तिनं तक्रार कुणाकडे करायची? तिथला खासदार तिचं ऐकेल का?

आधी पैसे, मग खासदार.

ब्रिटनमध्ये गाडी उशिरा पोचल्याबद्दल भरपाई मिळण्याची पद्धत आहे. तिला 'डिले रिपे' म्हणतात. स्विंडन–लंडन मार्गावर ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीच्या गाड्या धावतात आणि तिथं 15 मिनिटांपासून भरपाई सुरू होते. उशीर 15 ते 29 मिनिटांचा असेल तर एकेरी भाड्याच्या 25 टक्के, 30 ते 59 असेल तर 50 टक्के, एक तासापासून दोन तासांच्या आत असेल तर एकेरी भाडं पूर्ण, आणि दोन तास किंवा जास्त असेल तर परतीच्या तिकिटाचीही पूर्ण रक्कम. समजा जाऊन-येऊन तिकीट 60 पौंडांचं आहे. एका बाजूचं भाडं 30 पौंड धरलं जातं. जाताना 20 मिनिटं उशीर झाला तर साडेसात पौंड, 40 मिनिटं झाला तर 15 पौंड, सव्वा तास झाला तर 30 पौंड. पास असेल तर त्याच्या किमतीवरून एका फेरीचं भाडं काढतात : आठवड्याच्या पासाचा दहावा भाग, महिन्याच्या पासाचा चाळिसावा.

दावा प्रवासाच्या दिवसापासून 28 दिवसांत करायचा. उशीर कुणामुळं झाला हे विचारलं जात नाही. सिग्नल बिघडला, झाड पडलं, चालक आला नाही, काहीही असो. दावे फेटाळले जातात ते साध्या चुकांनी. मोजणी सुटण्याच्या वेळेवर नाही, अखेरच्या स्टेशनला पोचण्याच्या वेळेवर होते. गाडी स्विंडनहून 20 मिनिटं उशिरा सुटली पण वाटेत वेळ भरून काढून पॅडिंग्टनला 12 मिनिटं उशिरा लागली, तर काही मिळत नाही. उलट पाच मिनिटांच्या उशिरानं पुढची जोडगाडी चुकली आणि मुक्काम 40 मिनिटं उशिरा गाठला, तर पूर्ण 40 मिनिटं धरली जातात, मात्र तिकीट सगळ्या प्रवासाचं हवं. संप किंवा रुळांच्या कामामुळं आदल्या दिवशीच सुधारित वेळापत्रक जाहीर झालं असेल तर मोजणी त्या नव्या वेळेवर. आणि कागदी तिकीट असेल तर बाहेर पडण्याआधी त्याचा मोबाईलवर फोटो काढायचा. शेवटच्या स्टेशनचं गेट तिकीट गिळून टाकतं आणि पुरावा जातो.

कंपनीनं दावा चुकीचा नाकारला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार. तिनं 'आमचं अंतिम म्हणणं हेच' असं डेडलॉक लेटर दिलं की रेल्वे ऑम्बड्समन म्हणजे तक्रार निवारकाकडे जाता येतं. फी नाही, आणि निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. गाड्या कमी आहेत, डबे कमी जोडतात अशी धोरणाची तक्रार ऑम्बड्समन घेत नाही. त्यासाठी ट्रान्सपोर्ट फोकस ही लंडनबाहेरच्या प्रवाशांसाठीची वैधानिक संस्था आहे, आणि खासदार आहे.

खासदाराला लिहायला मतदार असावं लागत नाही, त्या मतदारसंघात राहत असलं की पुरतं. फक्त पत्रात पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड हवाच. तिथला पक्का शिरस्ता आहे की खासदार दुसऱ्याच्या मतदारसंघातल्या माणसाचं काम हाती घेत नाहीत, आणि पोस्टकोड नसलेलं पत्र बाजूला पडतं. स्विंडनमध्ये स्विंडन नॉर्थ आणि स्विंडन साउथ असे दोन मतदारसंघ आहेत. ब्रिटिश संसदेच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की आपला कोणता ते कळतं. खासदारांच्या भेटीच्या वेळा ठरलेल्या असतात, त्यांना 'सर्जरी' म्हणतात. आधी वेळ घ्यावी लागते, सकाळी दारात जाऊन बसण्याची पद्धत नाही.

मुलीला कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगतो : भारत राष्ट्रकुलात असल्यामुळं वैध व्हिसावर तिथं राहणारा प्रौढ भारतीय नागरिक ब्रिटनच्या संसदेच्या आणि स्थानिक, दोन्ही निवडणुकांत मतदान करू शकतो. त्यासाठी नाव नोंदवावं लागतं, ते आपोआप येत नाही. नोंदणी ऑनलाइन होते आणि मतदानाच्या 12 कामकाजी दिवस आधी बंद होते. इंग्लंडमध्ये केंद्रावर फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं आणि भारतीय पासपोर्ट चालतो. नोंदणी झालेल्या माणसाचं पत्र खासदाराच्या कचेरीत थोडं वेगळ्या नजरेनं वाचलं जातं. माणसाचा स्वभाव कोल्हापूरला काय आणि स्विंडनला काय.

प्रश्न (ताराबाई पार्क) : स्विंडनच्या खासदारच देशाच्या वाहतूक मंत्री झाल्या असं वाचलं. मग त्या गावाची रेल्वे चकाचक झाली असेल! आपल्याकडे असं झालं तर?

बातमी खरी आहे. हायडी अलेक्झांडर जुलै 2024 मध्ये स्विंडन साउथमधून निवडून आल्या आणि 29 नोव्हेंबर 2024 ला वाहतूक मंत्री झाल्या. पण मतदारसंघातल्या माणसाच्या दृष्टीनं यात एक गैरसोयही आहे. मंत्री सभागृहात सरकारला प्रश्न विचारत नाही. आपल्या लोकसभेतही तसंच. म्हणजे स्विंडन साउथच्या प्रवाशाचं पत्र खात्यात पोचेल, पण त्यावर लेखी प्रश्न टाकणारा खासदार त्याच्याकडे उरत नाही. ते काम स्विंडन नॉर्थच्या किंवा शेजारच्या खासदारांना करावं लागतं.

शिवाय गाड्यांच्या वेळा मंत्री बसवत नाही. रूळ आणि सिग्नल नेटवर्क रेलकडे, गाड्या कंपनीकडे, करार वाहतूक खात्याचा. 2024 च्या कायद्यानं इंग्लंडमधल्या प्रवासी कंपन्यांचे करार संपतील तसे सरकारकडे घ्यायचं ठरलं आणि पहिली साउथ वेस्टर्न रेल्वे 25 मे 2025 ला सरकारकडे आली. तरी वेळापत्रक वर्षातून दोनदाच बदलतं, मे आणि डिसेंबरमध्ये, आणि त्यासाठीची मागणी सुमारे 40 आठवडे आधी नोंदवावी लागते. डिसेंबरला गाडी हवी असेल तर सप्टेंबरात मोर्चा काढून काय होणार?

स्विंडन हे मुळात रेल्वेनंच वसवलेलं गाव. ग्रेट वेस्टर्नचा इंजिन कारखाना तिथं 1843 मध्ये सुरू झाला आणि 1986 मध्ये बंद पडला. पण तिथून शिकण्यासारख्या दोन गोष्टी मंत्रिपदाच्या कितीतरी आधीच्या आहेत, आणि दोन्ही आपल्या कामाच्या आहेत.

पहिली केंबलची. स्विंडन ते ग्लॉस्टर मार्गावरचा स्विंडन–केंबल हा सुमारे 20 किलोमीटरचा तुकडा 1968 मध्ये खर्च वाचवायला दुहेरीचा एकेरी केला. पुढं त्यावर गाड्या अडकू लागल्या. एक गाडी उशिरा आली की समोरची खोळंबायची, म्हणजे आपलं रुकडी-हातकणंगल्याचंच दुखणं. दुसरा रूळ पुन्हा पडायला 2014 उजाडलं. काढलेला रूळ परत टाकायला 46 वर्षं, तेही भूसंपादनाची मोठी कटकट नसताना.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. स्विंडनहून चिप्पनहॅम, मेल्कशॅम, ट्रोब्रिजमार्गे वेस्टबरीला जाणाऱ्या मार्गावर दिवसाला दोन्हीकडून दोन-दोनच गाड्या होत्या, त्याही अडनिड्या वेळी. गाडी सोयीची नाही म्हणून प्रवासी नाहीत, आणि प्रवासी नाहीत म्हणून गाडी नाही. स्थानिक लोकांनी आकडे गोळा केले, विल्टशर कौन्सिलनं सरकारच्या स्थानिक वाहतूक निधीतून पैसे मिळवले, आणि डिसेंबर 2013 पासून दिवसाला आठ-आठ गाड्या तीन वर्षांच्या प्रयोगावर सुरू झाल्या. प्रवासी वाढले. मुदत संपल्यावर त्या गाड्या कंपनीच्या नेहमीच्या करारात गेल्या. मागणी करणाऱ्यांनी 'न्याय द्या' म्हटलं नाही. तीन वर्षांचा तोटा कोण सोसणार, ते आधी ठरवून मगच ते गाडी मागायला गेले.

आपल्याकडे मंत्री जवळचा असण्याचा अनुभव विचाराल तर मधू दंडवते राजापूरचे खासदार होते आणि 1977 ते 1979 रेल्वेमंत्री. कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं 1990 मध्ये, आणि संपूर्ण मार्ग खुला झाला 1998 मध्ये. मंत्री कोकणचा होता तरी मधे एवढी वर्षं गेली. दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या बाकांना गाद्या मात्र देशभर दिल्या.

प्रश्न (कसबा बावडा) : मग कोल्हापूर महापालिका किंवा राज्य सरकार असं काही करू शकतं का?

महापालिकेला गाडी विकत घेता येत नाही. राज्य सरकार नव्या मार्गाच्या खर्चात वाटा उचलू शकतं आणि महाराष्ट्रानं काही मार्गांसाठी तो उचललाही आहे. एक ध्यानात असू द्या : मिरज–कोल्हापूर मार्ग मुळात कोल्हापूर संस्थाननं आपल्या खर्चानं बांधला, 1891 मध्ये सुरू केला आणि चालवायला सदर्न मराठा रेल्वेला दिला. पैसा घालणाऱ्याचा शब्द चालतो, हे तेव्हाही होतं.

महापालिकेच्या हातातलं म्हणजे स्टेशनबाहेरचं सगळं. रिक्षाथांबा, फेरीवाले, दोन्ही बाजूंचे पोचरस्ते, आणि केएमटी म्हणजे महापालिकेच्या बस. पहाटे आणि रात्री लागणाऱ्या गाड्यांच्या वेळा आणि केएमटीच्या वेळा जुळत नाहीत ही तक्रार खासदाराकडे नेऊ नका, ती नगरसेवकाची आणि परिवहन समितीची आहे. मागणी लिहिताना गाडी लागण्याच्या छापील वेळेनंतर 15-20 मिनिटांनी बस मागा. गाडीच्या वेळेलाच मागितली तर रोज रिकामी सुटेल आणि महिन्याभरात बंद होईल.

प्रश्न (गडहिंग्लज) : कोल्हापूर–वैभववाडी मार्ग कुठपर्यंत आला? दर वर्षी 'लवकरच' ऐकतो.

भाषणांवर जाऊ नका, कागद वाचा. सुमारे 107 किलोमीटरचा हा मार्ग 2016-17 च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला. अर्थसंकल्पाबरोबर रेल्वेचं 'पिंक बुक' प्रसिद्ध होतं, ते रेल्वे मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. मध्य रेल्वेचा भाग उघडा, 'नवीन मार्ग' हे शीर्षक शोधा. प्रत्येक कामापुढं अंदाजित खर्च, आजवरचा खर्च आणि चालू वर्षाची तरतूद असे रकाने असतात. आकडे हजारांत आहेत हे विसरू नका. तरतुदीच्या रकान्यात नुसता '1' दिसला तर त्याचा अर्थ एक कोटी नाही, एक हजार रुपये. काम यादीत जिवंत ठेवायला एवढी नाममात्र रक्कम दाखवतात. आजवरचा खर्च एकूण अंदाजाच्या पासंगालाही पुरत नसेल तर उद्घाटनाच्या तारखा मनावर घेऊ नयेत.

त्यात न सापडणारं माहिती अधिकारात मागा. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर 10 रुपये भरून मध्य रेल्वेकडे अर्ज करता येतो, टपालानं मराठीतही चालतो. 'काम का रखडलं?' असं विचारू नका; कारणमीमांसा देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही आणि अर्ज तेवढ्यावर निकाली निघतो. नोंदीतली माहिती मागा : वर्षनिहाय तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च, किती हेक्टर जमीन लागणार आणि किती ताब्यात आली, राज्य सरकारशी खर्चाच्या वाट्याबद्दल झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं.

मिळालेले आकडे घेऊन खासदारांकडे जा आणि लेखी प्रश्न टाकायला सांगा. लोकसभेत प्रश्नासाठी किमान 15 दिवसांची पूर्वसूचना लागते. म्हणजे अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही, प्रश्नाचा मसुदा त्याआधी त्यांच्या स्वीय सहायकाच्या हातात पडला पाहिजे. अतारांकित प्रश्नच मागा. तारांकिताचं उत्तर सभागृहात तोंडी देतात, अतारांकिताला छापील उत्तर मिळतं आणि आपल्याला छापीलच हवं असतं. लोकसभेच्या खासदारांना जमलं नाही तर राज्यसभेचा दरवाजाही आहे; 2022 मध्ये धनंजय महाडिक तिथं निवडून गेले.

प्रश्न (जयसिंगपूर) : इंग्लंडसारखी उशिराची भरपाई आपल्याला मिळते का?

तशी दरपत्रकासारखी नाही. मिळतो तो परतावा. गाडी तुमच्या स्टेशनला तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवासच केला नाही, तर पूर्ण भाडं परत. ई-तिकिटासाठी गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा ऑनलाइन अर्ज, भरावा लागतो. 'घरी जाऊन भरू' म्हणणाऱ्यांचे पैसे इथंच बुडतात. वातानुकूलन बंद पडलं तर वातानुकूलित आणि साध्या भाड्यातला फरक मिळतो. त्यासाठी गाडीतच टीटीईकडून दाखला घ्यायचा आणि पोचल्यापासून 20 तासांत टीडीआर.

उशिरामुळं मोठं नुकसान झालं, विमान चुकलं, तर ग्राहक आयोग. जम्मूची गाडी चार तास उशिरा पोचल्यानं श्रीनगरचं विमान चुकलेल्या प्रवाशाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2021 मध्ये म्हटलं की उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणानं झाला हे रेल्वेनं सिद्ध केलं नाही तर ती भरपाईला जबाबदार आहे. म्हणून दाव्याआधी माहिती अधिकारात त्या गाडीच्या त्या तारखेच्या उशिराचं नोंदलेलं कारण मागून ठेवा. दाव्याची मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. पुढच्या प्रवासाचं तिकीट जपा. कोर्टात 'साहेब, विमान होतं' एवढ्यानं भागत नाही.

प्रश्न (इचलकरंजी) : डबा अस्वच्छ, पाणी नाही, अशा तक्रारी रेल्वेच्या 139 या मदत क्रमांकावर करतो. 'तक्रार निवारण झाली' असा मेसेज येतो आणि काहीच झालेलं नसतं.

तक्रार गाडीत असतानाच करा, पीएनआर किंवा तिकिटाचा क्रमांक, डबा आणि पुढचं मोठं स्टेशन लिहून. मिरज सोडल्यावर पाण्याची तक्रार केली तर कोल्हापूर येईपर्यंत पाणी भरायची सोयच नाही. पुण्याहून येताना साताऱ्याच्या आधी करा, म्हणजे मिरजेला माणूस गाठता येईल. निवारण न होता तक्रार बंद झाली तर अभिप्रायात 'असमाधानकारक' नोंदवा. तो आकडा मंडलाच्या कामगिरीत मोजला जातो, म्हणून कर्मचारी फोन करून चांगला शेरा द्यायला विनवतात. काम झालं असेल तर द्या, नाहीतर देऊ नका.

प्रश्न (स्विंडनहून, मूळ गाव वडणगे) : इथं पॅरिश कौन्सिलही आहे आणि बरो कौन्सिलही. स्टेशनजवळच्या अंधाऱ्या पायवाटेची तक्रार कुठं?

बरो कौन्सिलकडे. रस्ते, दिवे, बसथांबे आणि नियोजन त्यांचं. पॅरिशकडे बागा, साफसफाई, छोट्या सोयी. वाट रेल्वेच्या हद्दीत असेल तर मात्र नेटवर्क रेल किंवा गाडी कंपनी. कुंपणाच्या कोणत्या बाजूला आहे ते फोटोत दाखवा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतील.

प्रश्न (वळिवडे) : पंचगंगेला पूर आला की पुलावरून गाड्या बंद होतात. 2019 ला आणि 2021 ला झालं तसं झालं तर तिकिटाच्या पैशांचं काय?

गाडी पूर्ण रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप खात्यात येतात, काही भरावं लागत नाही. स्वतः तिकीट रद्द करायची घाई मात्र करू नका. रेल्वेनं रद्द जाहीर करण्याआधी तुम्ही केलंत तर कपात बसते. खिडकीवरचं तिकीट तीन दिवसांत खिडकीवरच परत करायचं. गाडी कोल्हापूरऐवजी मिरजेपर्यंतच चालवली तर ती रद्द धरली जात नाही आणि पैसे आपोआप येत नाहीत. प्रवास केलाच नसेल तर टीडीआरमध्ये ते कारण निवडून त्याच दिवशी भरा. मिरजेला गाडी पकडायची तर निघण्याआधी रस्त्याची चौकशी करा. पूर मोठा असला की सांगली फाटा आणि शिरोळकडचे रस्तेही पाण्याखाली जातात, आणि एसटी कधी बंद होईल याचा नेम नसतो.